रस्त्यांची जोडणी आणि शहराचा पसारा (खानदेश)

शहर पसरताना नव्या वसाहतींचे रस्ते एकमेकांना व जुन्या शहराला किती ठिकाणी मिळतात, त्याला रस्त्यांची जोडणी म्हणतात. ती मोजण्यासाठी दोन चौकांमधला रस्त्याचा तुकडा हा दुवा, तर चौक, तिठा किंवा बंद टोक हा बिंदू धरतात. दुव्यांच्या संख्येला बिंदूंच्या संख्येने भागल्यावर 1.4 किंवा जास्त आले, तर पायी फिरण्यास जोडणी पुरेशी मानतात.

धुळ्याची पेठ 1819 च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखली गेली. तिथल्या सरळ, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत एक वाट अडली तरी दुसरी सापडते. पुढची वाढ मात्र शेताच्या एकेका गटाने (नोंदीतल्या स्वतंत्र तुकड्याने) झाली. शेत बिनशेती होते, लेआउट मंजूर होतो आणि मालक स्वतःच्या प्लॉटांपुरता रस्ता काढतो. समजा, पोचरस्त्यावर चार ठिकाणी दोन्ही बाजूंना गल्ल्या फुटल्या आणि आठही बंद राहिल्या. पोचरस्त्याचे तोंड धरून बिंदू 13, दुवे 12, म्हणजे गुणोत्तर 0.92. दोन्ही कडांनी एकेक रस्ता काढून गल्ल्यांची टोके जोडली, तर (नुसत्या वळणाचे कोपरे न मोजता) 14 दुवे व 9 बिंदू होऊन ते 1.56 वर जाते. त्या दोन रस्त्यांत काही प्लॉट जातात. खरी अडचण तीच.

बंद गल्लीचा त्रास घरापर्यंत पोचतो. घंटागाडीला उलटे यावे लागते, जलवाहिनीही तिथेच संपल्याने शेवटच्या घराला दाब कमी मिळतो आणि गाळ साचतो. शेजारच्या लेआउटपर्यंत रस्ता नेला, पण मध्ये जमिनीची हातभर पट्टी मालकाच्या नावावर ठेवली, तर नकाशावरची जोडणी प्रत्यक्षात होत नाही. काळ्या मातीवर मुरमाचा भराव दोघांनी वेगवेगळ्या उंचीचा टाकला, की जोडावर पावसाळ्यात तळे होते. म्हणून तात्पुरत्या मंजुरीच्या वेळीच शेजारच्या गटाचा नकाशा, रस्त्याची रुंदी आणि पातळी जुळवून रस्ता थेट हद्दीपर्यंत नेण्याची अट घालावी लागते. घरे झाल्यावर हद्दीवरची भिंत पाडणे जवळपास अशक्य.

जळगावात रेल्वेमार्ग आणि जुना महामार्ग क्रमांक 6 (आता 53) शहर कापतात. पलीकडे जाण्याचे मार्ग मोजके असल्याने वसाहतींतली किरकोळ ये-जाही महामार्गावर येते आणि ट्रकच्या वाहतुकीत मिसळते. समांतर रस्त्यांची मागणी त्यातूनच आली. पाळधी–तरसोद बाह्यवळणामुळे लांब पल्ल्याची वाहने बाहेर जातील, पण आतल्या वसाहती त्याने एकमेकींना जोडल्या जात नाहीत; उलट बाह्यवळणाकडेच्या शेतांत सुटे लेआउट पडू लागले, तर तोच नमुना आणखी बाहेर सरकतो.

विकास आराखड्यातले रस्ते हा यावरचा कायदेशीर उपाय. पण आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि 24 महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास रस्त्यासाठीचे आरक्षण सुटते. मधला एकच तुकडा सुटला, तरी दोन्ही बाजूंचा तयार रस्ता बंद टोकच राहतो.