चुली तीन, सुतक एक

‘घरात माणसं किती?’ असं विचारत कुणी फॉर्म घेऊन दारात आलं, की आमची आज्जी उलटा सवाल टाकायची, ‘जेवायला किती, का भावकीत किती?’ फॉर्मवाला वैतागायचा. करवीर तालुक्यातल्या या न शिकलेल्या बाईनं घर आणि कुटुंब यांतला फरक बरोबर पकडला होता.

जनगणनेला हवं असतं ते घर: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. नातं असलंच पाहिजे असंही नाही. राजारामपुरीत खोली घेऊन एकत्र भात शिजवणारी चार पोरंही तिच्या लेखी एक घरच. कुटुंब म्हणजे रक्ताचं आणि लग्नाचं नातं, त्याला चुलीची हद्द नाही. (पीएम किसानचं आणखी तिसरंच: नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं.)

आमच्या वाड्यात चुली तीन, रेशन कार्डं तीन, सिलिंडर तीन. गणपती मात्र एकच, तो थोरल्या काकांकडं बसतो. भावकीत कुणी गेलं की तिन्ही चुलींना दहा दिवस सुतक. पुण्यात फ्लॅट घेतलेला चुलतभाऊसुद्धा ते दहा दिवस देवाला हात लावत नाही.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या त्या अशा: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि आपसांतलं नातं. आमच्या वाड्याला लावून बघा. चूल तेवढी गेली, बाकी चार शाबूत. मग कुटुंब मोडलं का? ‘एकत्र कुटुंबं मोडली’ ही ओरड बहुतेक वेळा नुसत्या चुली मोजून केलेली असते, असं माझं मत. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेतल्या महुवा गावाचा अभ्यास करून हेच दाखवलं, की वेगळं राहणारे भाऊ व्यवहारानं एकत्र असू शकतात. दुसरे समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा, त्यांचं म्हणणं त्याच्या पुढचं. भाऊ वेगळे होतात, घर लहान होतं. पुढं त्यांच्या मुलांची लग्नं होऊन सुना तिथंच नांदायला लागल्या की तेच घर पुन्हा भरतं.

निवडणुकीतला माणूस चुली मोजत बसत नाही. साखर कारखान्याची निवडणूक लागली की पॅनेलवाला थोरल्या काकांकडं चहा घेतो आणि तिन्ही चुलींची मतं धरून चालतो. पूर्वी ते जमायचं. आता एक भाऊ या गटात, दुसरा त्या गटात. लोकांना वाटतं, भांडण झालं. भांडण कसलं? कुणीही निवडून आलं तरी उसाला तोड वेळेवर मिळावी, एवढीच सोय.

खरी गोम सातबाऱ्यावर आहे. आमच्या जुन्या उताऱ्यात आजोबांच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. एका नावाआड सगळे. त्या ‘सगळे’मध्ये आत्या होत्या का? कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांसारखा जन्मानं हक्क महाराष्ट्रात 1994 साली दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अटही गेली. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. आमच्याकडं पुढं काय झालं? दोघी आत्यांना गाडी करून आणलं, दुय्यम निबंधकाकडं हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, दुपारी मटणाचं जेवण, संध्याकाळी साड्या. ‘भावाशी वाईट कशाला?’ असं धाकटी आत्या गाडीत बसताना म्हणाली, कुणी विचारलं नव्हतं तरी.

आज्जी गेली तेव्हा भावकीला सुतक दहा दिवसांचं. लेकी लग्न होऊन गेलेल्या, म्हणून त्यांना तीनच दिवस. चौथ्या दिवशी भटजींनी थोरल्या आत्याला ‘तुम्ही मोकळ्या झालात’ म्हणून सांगितलं. ती दहाव्यापर्यंत हलली नाही.