डायबेटीसमध्ये पायांची निगा

डायबेटीस असलेल्या माणसाने पाय रोज डोळ्यांनी तपासणं, धुऊन कोरडे करणं, पायात बरोबर चप्पल घालणं आणि बारीकशी जखम झाली तरी ती लगेच दाखवणं, या सगळ्याला मिळून पायांची निगा म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डायबेटीसमुळे जे पाय कापावे लागतात त्यातल्या साधारण ८५ टक्के वेळा सुरुवात एका न भरलेल्या जखमेपासूनच झालेली असते, म्हणजे अडवायला वेळ होता.

असं का होतं ते आधी समजून घेतलं पाहिजे. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायातले मज्जातंतू खराब होतात, बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसं हे दोन्ही पायांत वर सरकतं. मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, काहींना चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटतं. मग हळूहळू आग कमी होते आणि घरात सगळ्यांना वाटतं चला बरं झालं, पण पुष्कळदा तेव्हा पाय बधिर झालेला असतो. "दुखत नाही ना, मग राहू दे" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि या आजारात याच्याइतकं घातक वाक्य नाही. चपलेतला खडा, घुसलेली टाचणी, स्कूटरच्या सायलेन्सरचा चटका, कशाचाच पत्ता लागत नाही, फरशीवर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा कळतं. जे काम दुखण्याने करायचं ते डोळ्यांवर येतं, सगळी निगा त्याच्यासाठीच आहे.

दुसरं कारण रक्तपुरवठा. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पूर्वी एका दमात चढणारा माणूस मधेमधे पोटरी धरून थांबायला लागला तर वय झालं म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावं. रक्त पोचत नसेल तर जखम भरत नाही. शिवाय पायाचा घाम बंद होऊन कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

पुण्यात अनवाणी चालण्याचे प्रसंग खूप. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालण्याचा नेम असतो, देवळाच्या आवारातली फरशी एप्रिल-मे मधे तव्यासारखी तापते, आळंदीहून आणि देहूहून पालख्या येतात तेव्हा कितीतरी लोक निदान दिवे घाटापर्यंत तरी चालतातच. श्रद्धेचा मान ठेवूनच सांगायचं तर बधिर पायाने अनवाणी चालू नये, घरातसुद्धा नाही. देवळात जाताना निदान जाड मोजे घालावेत आणि ऊन उतरल्यावर जावं. वारीत पाऊस असतो, ओले मोजे तासन्‌तास पायात राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, म्हणून पिशवीत कोरडे मोजे जास्तीचे ठेवावेत आणि मुक्कामाला पोचल्यावर दुसऱ्या कुणाकडून तरी तळवे बघून घ्यावेत.

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. उजेडात बसून तळवा, टाच, बोटांच्या मधली जागा बघायची, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा किंवा सुनेला, नातवाला बघायला सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाणी कोमट, आणि ते पायाने नाही तर हाताच्या कोपराने बघायचं. तेल किंवा क्रीम लावायचं पण बेचक्यात नाही, तिथे ओल राहते. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. घट्टे, भोवरी ब्लेडने कापू नयेत आणि कॉर्न कॅप तर अजिबात लावू नये, त्यातल्या ॲसिडने चांगली कातडीही जळते. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणं हे भाजण्याचं नेहमीचं कारण आहे.

चपलेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. अंगठ्याची कोल्हापुरी दिसायला छान, पण बधिर पायातून ती कधी निसटली ते कळत नाही आणि अंगठा बेचक्यात घासतो. मागे पट्टा असलेली, पुढे रुंद, आतून मऊ अशी हवी. ज्याला एमसीआर चप्पल म्हणतात ती मऊ रबराच्या तळाची चप्पल मुळात कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आली, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्या पायांवर जे काम केलं त्यातून. पुढे डायबेटीसवाल्यांनाही तीच उपयोगी पडली कारण अडचण तीच, दुखण्याची जाणीव नाही. लक्ष्मी रोडवर खरेदीला जायचं तर संध्याकाळी जावं, तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवायचा.

वर्षातून एकदा तरी तपासणी हवी. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, डोळे मिटलेले असताना कळतंय का विचारतात, पायाची नाडी बघतात. धागा कळला नाही तर पुढच्या तपासण्या जास्त वेळा.

जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं गॉझ बांधायचं आणि २४ तासांच्या आत दाखवायचं, हळद-चुना भरायचा नाही. लाली पसरतेय, वास येतोय, बोट काळं पडतंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप नाही म्हणून थांबू नये, शुगरमध्ये मोठं इन्फेक्शन असूनही ताप येत नाही असं होतं. आणखी एक गोष्ट सहज चुकते: पाय एकदम सुजला, गरम लागतोय, पण दुखत फारसं नाही. मुरगळला समजून मालिश करतात, पण हा शार्को फूट असू शकतो, आत हाडं मोडत असतात आणि सुरुवातीचा एक्स-रे चांगला दिसू शकतो. अशा पायावर वजन टाकायचं बंद करून लगेच दाखवायचं.

भरलेली जखमही विसरायची नाही, साधारण १०० पैकी ४० जणांना वर्षाच्या आत परत जखम होते, बऱ्याचदा त्याच जागी, म्हणून रोज बघताना सुरुवात त्या जुन्या व्रणापासून करायची.