कोडाचा डाग त्याच जागी का परततो?

कोडावर उपचार घेतलेल्या अनेकांचा अनुभव सारखाच. महिनोन्‌महिने मलम लावून, ऊन किंवा यूव्ही दिव्याचा शेक घेऊन डाग भरू लागतो. आधी केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके उमटतात, मग ते एकमेकांत मिसळतात. उपचार थांबतात आणि पुष्कळांना वर्षभरातच डाग पुन्हा नेमका तिथेच दिसू लागतो.

आयुर्वेदात याला श्वित्र म्हणतात. बावची आणि ऊन हा त्यावरचा जुना उपाय. १९४०च्या दशकात इजिप्तमध्ये अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनीही नाईलकाठच्या वनस्पतीतलं बावचीसारखंच द्रव्य उन्हाच्या जोडीनं वापरलं. रंग यायचा, पण मुळात तो का जातो, हे कळत नव्हतं. त्या अज्ञानाची किंमत रुग्णांनी मोजली. 'पांढरं कुष्ठ' हा शब्द आजही कानावर येतो आणि दरवेळी चीड येते, कारण कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. ते स्पर्शानं पसरत नाही.

२००९मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी डागाच्या कडेच्या त्वचेतून टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पेशी, वेगळ्या केल्या आणि त्याच रुग्णाच्या चांगल्या त्वचेच्या तुकड्याजवळ ठेवल्या. त्या आत शिरल्या आणि त्यांनी रंगपेशी मारल्या. म्हणजे हल्ला शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशींचा होता.

पण त्यांना बोलावतं कोण? इथे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनरूपी निरोप, महत्त्वाचे ठरले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन हॅरिस यांच्या गटानं उंदरांवर काम करून ही साखळी उलगडली. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडते. त्यामुळे शेजारच्या त्वचापेशी सीएक्ससीएल१० हे दुसरं प्रथिन सोडतात आणि त्याच्या मागावर आणखी टी पेशी येतात. हल्लेखोरच कुमक मागवतो, म्हणून डाग पसरत जातो.

इंटरफेरॉन गॅमाचा निरोप पेशीच्या आत 'जॅक' नावाची विकरं पोचवतात. ती रोखणाऱ्या टोफासिटिनिब या औषधानं एका रुग्णाचा रंग परतल्याची नोंद २०१५मध्ये झाली. जुलै २०२२मध्ये जॅकच रोखणाऱ्या रक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचे डाग किमान तीन चतुर्थांश भरले होते.

तरी उपचार थांबवल्यावर डाग परततोच, कारण स्मृती राखणाऱ्या काही टी पेशी त्याच जागी त्वचेत मुक्काम ठोकून असतात. त्यांना जगवतं इंटरल्युकिन-१५. २०१८मध्ये उंदरांत या प्रथिनाचा निरोप अडवला, तेव्हा त्या पेशी ओसरल्या आणि रंग परतला.