घटस्फोटाची नक्कल वकिलाशिवाय मिळत नाही?

‘जुन्या वकिलांनाच गाठावं लागेल, नक्कल दुसऱ्या कुणाला देत नाहीत.’ पासपोर्टसाठी किंवा दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीसाठी घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा लेखी आदेश, शोधायची वेळ आली की हे वाक्य हमखास कानावर येतं. ते खरं नाही. खटल्यातला पक्षकार स्वतः अर्ज करू शकतो.

उलट हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २३(४) सांगतं की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोघांनाही मोफत द्यायची. ती हरवली, तर निकाल लागला त्याच न्यायालयाचा नक्कल विभाग गाठायचा. मुंबईकर बहुतेक वेळा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात जातील. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या तालुक्यात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. अर्जावर दोघांची नावं, याचिका क्रमांक, निकालाची तारीख लिहायची आणि नकलेची फी भरायची. क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून पाहा. जुनी प्रकरणं तिथे सापडतीलच असं नाही, मग न्यायालयाची नोंदवहीच उघडावी लागते.

संकेतस्थळावरून काढलेला कागद मात्र सही-शिक्क्याच्या नकलेची जागा घेत नाही. आणि शेजाऱ्याच्या घटस्फोटाची फाईल सहज चाळायला मिळेल, हेही विसरा. याच कायद्याच्या कलम २२ नुसार ही सुनावणी बंद दाराआड चालते.