वाकळ

जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने शिवून केलेले अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर, सांगली आणि लगतच्या सीमाभागात हे नाव रूढ आहे. महाराष्ट्रात इतरत्र गोधडी, तर उत्तर कर्नाटकात कौदी म्हणतात. तान्ह्या बाळाचे दुपटे ही वाकळेचीच धाकटी बहीण.

शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ अशी लावली जाते. ध्वनींच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. प्राकृतातील जोडाक्षर एकेरी होताना मागील स्वर दीर्घ होतो (चक्र, चक्क, चाक) आणि दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो (कमल, कमळ). मुळात ‘ल्ल’ असता तर ‘ल’ टिकला असता (पल्लव, पालव). अडचण अर्थाची आहे: झाडाच्या सालीचे वस्त्र आणि ठिगळांचे पांघरूण यांचा मेळ कसा घालायचा? दोन्ही विरक्तांची वस्त्रे असल्याने नाव एकीकडून दुसरीकडे गेले असावे, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. भर्तृहरीच्या (साधारणतः इ. स. ५ वे शतक, काल वादग्रस्त) वैराग्यशतकात विरक्ताच्या अंगावर शंभर जीर्ण तुकड्यांची कंथा (गोधडी) आहे. बंगालमधील अशाच पांघरुणाचे कांथा हे नाव याच शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. शेजारच्या कानडीतून वाकळ हा शब्द आला असावा असे मानण्यास आधार दिसत नाही. तेथील कौदी हे नाव रूपाने दूरचे आहे.

थर देऊन शिवण्याची कला मात्र एका प्रदेशाची नव्हे. मंगोलियातील नोइन-उला येथे १९२४-२५ मधील उत्खननात सापडलेला, शिवणकाम केलेला जाड गालिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा समजतात. वाकळेचे इतके जुने नमुने मिळणे कठीण, कारण ती चिंध्या होईपर्यंत वापरली जाते.

लुगड्याचे माप आणि वाकळेचे माप यांचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगड्याची चौपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबी मिळते, म्हणजे माणूस पाय पसरून निजेल एवढी. पन्हा साधारण पावणेचार फूट असल्याने दुहेरी वाकळेला दोन लुगडी शेजारी-शेजारी जोडावी लागतात. वरच्या बाजूला धडके कापड, आत विरलेले धोतर, परकर, दंड घातलेली (विरलेला भाग काढून जोडलेली) पातळे. इरकली लुगड्याचे काठ कडेला लावण्याची हौस इकडे विशेष. थर जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, कडेपासून आत टाके घेत जातात. ओळींमध्ये बोट-दोन बोटांचे अंतर राहते आणि चौकोन लहान होत मध्याशी संपतो. चौकट लागत नाही. आधी कड मुडपल्याने जीर्ण कापड उसवत नाही. ऊब येते ती थरांत अडकलेल्या हवेमुळे; म्हणून एकाच जाड कापडापेक्षा चार विरलेली बरी.

इचलकरंजीत १९०४ च्या सुमारास यंत्रमाग आला आणि कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. गिरणीचे कापड घरोघर पोचल्यावर वाकळेतील चिंध्यांचे रंग व पोत बदलले असावेत.

हौशी शिवणकामात वाकळेचे तंत्र अलीकडे पिशवीत उतरले आहे. वरचे कापड (बहुधा खण किंवा जुनी जीन्स), मधे पातळ फोम किंवा जुनी चादर, खाली अस्तर असे तीन थर आधी टिपून घ्यावेत व मगच बेतावेत; उलट केल्यास टिपताना कापड आक्रसते आणि माप चुकते. शिवणीसाठी अर्धा इंच माया (शिवणीत जाणारे जादा कापड) पुरते. तळ रुंद हवा असल्यास खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणी घडी करून आडवे शिवतात. पिशवीचे बंद (पट्टे) तिच्या तोंडाशी दोन इंच आत घेऊन त्यावर फुलीची चौकट मारावी, कारण पिशवी प्रथम तेथेच उसवते. आतल्या कच्च्या कडांना उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावतात. यंत्राची टीप भक्कम असते. मात्र हाताच्या टाक्याने वाकळेला येणाऱ्या बारीक सुरकुत्या तिने येत नाहीत, आणि वाकळ ओळखू येते ती त्या सुरकुत्यांवरूनच.

विरलेली वाकळ सहसा टाकून देत नाहीत. तिच्यावर नवी लुगडी चढवतात आणि ती नव्या वाकळेच्या पोटात जाते.