खोक्यावरचे लुमेन, टेबलावरचे लक्स

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला ३० बाय २० फुटांचा गाळा. खालच्या मजल्यावर लेथ मशीन चालू, वर बारा जणांचं अकाउंट्सचं ऑफिस थाटायचं होतं. मालक घरून गणित करून आले होते. "मॅडम, ऑफिसला ५०० लक्स लागतात. जागा ५६ चौरस मीटर. म्हणजे २८,००० झाले. एका एलईडी पॅनेलच्या खोक्यावर ३,६०० लिहिलंय. आठ पॅनेल बास!"

शिडीवर चढलेला आमचा वायरमन हसला. "शेठ, स्क्वेअर फुटाला एक वॅट धरा. सहाशे फूट, ३६ वॅटचं पॅनेल. सोळा-सतरा लागणार."

एकाच खोलीला एक जण आठ म्हणतो, दुसरा दुप्पट. मालकांचा गुणाकार-भागाकार बिनचूक होता. त्यांनी फक्त खोक्यावरचा ३,६०० हा आकडा टेबलावर पोचणाऱ्या प्रकाशाचा समजला. खोक्यावर असतात ते लुमेन, टेबलावर मोजतात ते लक्स. गोंधळायला नावंही मदत करतात. दोन्ही शब्द लॅटिन आणि दोन्हींचा अर्थ प्रकाशाशीच निगडित. त्यात लक्स म्हटलं की आपल्याला आधी साबण आठवतो.

पावसाच्या भाषेत हे पटकन समजतं. हवामान खातं पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे तिथल्या प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी पडलं. लुमेन म्हणजे लिटर: दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं माप. लक्स म्हणजे मिलिमीटर: एखाद्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर त्यातला किती येऊन पडतो. १ लक्स म्हणजे चौरस मीटरला १ लुमेन, व्याख्याच तशी आहे. त्यामुळे दिव्याला लुमेन असतात, लक्स नसतात. "हे पॅनेल किती लक्सचं?" असं दुकानात विचारणं म्हणजे "हा टँकर किती मिलिमीटरचा?" असं विचारणं. आणि दुकानदार उत्तर देतोसुद्धा!

वॅटबद्दल दोनच वाक्यं. वॅट हे विजेचं माप, महावितरणच्या बिलाशी त्याचं नातं. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा, तेवढे लुमेन आज ७-८ वॅटचा एलईडी देतो, म्हणून वॅटवरून उजेड ओळखायची सवय आता सोडलेली बरी.

परत गाळ्यात येऊ. आठ पॅनेलमधून २८,८०० लुमेन बाहेर पडतात हे खरं. पण त्यातले काही थेट टेबलावर येतात, काही भिंतीवर आपटून परततात, काही भिंतच गिळते, काही कपाटामागे आणि वर्कस्टेशनच्या पार्टिशनमागे हरवतात. पांढरं छत, फिकट भिंती, नऊ फुटांवर ग्रिड सीलिंग (चौकटींचं खोटं छत) असं असेल तर या आकाराच्या खोलीत शेकडा ६० लुमेन कामाच्या पातळीला पोचतात असं धरायला हरकत नाही. यालाच आमच्याकडे युटिलायझेशन फॅक्टर म्हणतात. त्यावर दुसरी कात्री मेंटेनन्स फॅक्टरची. पॅनेलवर धूळ बसते, एलईडी वयानुसार मंद होतो. खोक्यावर 'एल७०, ५०,००० तास' असं काही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी दिवा मूळ प्रकाशाच्या ७० टक्क्यांवर येतो. तोवर तो जळत असतो, म्हणून कोणी बदलत नाही. स्वच्छ ऑफिसला मी ०.८ धरते. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाशेजारी खिडक्या उघड्या ठेवणारं ऑफिस असेल तर ०.७.

आता ०.६ गुणिले ०.८ म्हणजे ०.४८. टेबलावर २८,००० लुमेन पोचायला हवेत, तर दिव्यांतून ५८,००० च्या वर निघायला हवेत. भागिले ३,६०० केलं की सोळा पॅनेल. वायरमन बरोबर निघाला! सोळा पॅनेलचे ५७६ वॅट होतात, जागा ६०० चौरस फूट. त्याचा ठोकताळा इथे जुळला, कारण छत पांढरं होतं, उंची नेहमीची होती आणि पॅनेल वॅटमागे १०० लुमेन देणारं होतं. मालकांची आठ पॅनेल लावली असती तर पहिल्या दिवशी सुमारे ३०० लक्स आणि काही वर्षांनी अडीचशे मिळाले असते. बसता आलं असतं, पण बारीक अक्षरातलं चलन वाचताना कागद खिडकीकडे न्यावा लागला असता.

५०० हा आकडा मालकांनी हवेतून आणला नव्हता. आयएस ३६४६ हे भारतीय मानक सर्वसाधारण ऑफिससाठी ३००, ५०० आणि ७५० अशा तीन पायऱ्या देतं. युरोपच्या ईएन १२४६४-१ मध्येही लिहिणं, वाचणं, टायपिंग यांसाठी ५०० लक्स आहेत. दोन्ही आकडे कामाच्या पातळीचे आहेत, म्हणजे टेबलाच्या उंचीचे, जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवरचे. जमिनीवर लक्समीटर ठेवून "चारशेच येतायत" म्हणत बसलेला सुपरवायझर मी पाहिला आहे.

वायरमनचा ठोकताळा फसला तो पुढच्या कामात, नवी मुंबईत महापेला. चूक माझी होती. तितकीच जागा, तितकीच पॅनेल, सोळा. ड्रॉइंग मंजूर झाल्यावर क्लायंटला 'इंडस्ट्रियल लूक' सुचला. ग्रिड सीलिंग रद्द, वरचा स्लॅब आणि डक्ट कोळशासारख्या काळसर रंगात, दोन भिंती गडद निळ्या. मी रंग पाहून खूश झाले, दिव्यांचा हिशोब पुन्हा केला नाही. पांढरं छत पडलेल्या प्रकाशातला ७०-८० टक्के परत पाठवतं, काळं छत जवळपास काहीच नाही. युटिलायझेशन फॅक्टर ०.४ च्या आसपास घसरला असणार. लुमेन एकही कमी झाला नव्हता, पण नव्याकोऱ्या दिव्यांखाली मीटर चारशेच्या जेमतेम वर. आणखी पाच पॅनेल माझ्या खर्चाने लागली.

दिशेचाही असाच खेळ असतो. १,००० लुमेनचा स्पॉट घ्या. त्याचा झोत २४ अंशांचा असेल आणि सगळा प्रकाश त्या झोतात मावतो असं धरलं, तर दोन मीटर खाली १,७०० च्या वर लक्स पडतात. तोच झोत ६० अंशांचा केला की २४० च्या आसपास. लुमेन तेच, खर्च तोच, लक्समध्ये सातपट फरक. म्हणून शोरूममध्ये काउंटरवर लखलखणारा दिवा पाहून त्याचे बारा नग ऑफिससाठी उचलू नका. टेबलांवर बारा चकचकीत वर्तुळं पडतील आणि मधे काळोख. ऑफिसला पसरट प्रकाश लागतो, आणि खोलीचा सरासरी आकडा पुरेसा नसतो. सगळ्यात अंधाऱ्या टेबलाचे लक्स सरासरीच्या निदान ०.६ पट असावेत, असा कामाच्या जागेचा संकेत आहे. वागळेच्या ऑफिसात पॅसेजच्या मधोमध ५८० आणि फाइलींच्या फळीखालच्या कोपऱ्यातल्या टेबलावर २७० आले होते. पॅसेजमध्ये कोणी हिशोब लिहीत नाही. तिथलं एक पॅनेल सरकवून कोपऱ्याकडे नेलं आणि फळीखाली एलईडी पट्टी लावली.

मीटरबद्दल थोडं. हाताशी बरा लक्समीटर नसेल तर मोबाइलचं अ‍ॅप चालतं, पण तुलनेपुरतंच: हे टेबल त्या टेबलापेक्षा किती कमी, एवढं सांगायला. नेमका आकडा त्यावर ठरवू नये. मोजणी संध्याकाळी सात-आठनंतर, पडदे ओढून करावी, नाहीतर खिडकीतला दिवस तुमच्या दिव्यांच्या नावावर जमा होतो. आणि मोजताना स्वतःची सावली मीटरवर पडू देऊ नका. हे सांगायची गोष्ट नाही, पण सगळे तेच करतात.

एक फसवणूक डोळ्यांचीच. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा ४,००० केल्व्हिनच्या दिव्यापेक्षा जास्त उजळ वाटतो. लुमेन सारखे असतील तर मीटर दोघांनाही सारखंच मोजतो. "व्हाइट लावा, जास्त उजेड येतो" हे स्टेशनरोडच्या दुकानात ऐकलंत तर मान डोलवा आणि खोका उलटा करून लुमेन वाचा. ऑफिसला मी ४,००० च सुचवते.

वॉशरूमकडे लोक शेवटी वळतात आणि तिथेच हे गणित सगळ्यात वाकडं चालतं. त्याच गाळ्यातलं वॉशरूम ८ बाय ६ फुटांचं, म्हणजे साडेचार चौरस मीटरला थोडं कमी. युरोपीय मानक वॉशरूमला २०० लक्स सांगतं. २०० गुणिले साडेचार, ९०० लुमेन. मालक म्हणाले, "एक ९ वॅटचा बल्ब झाला की!" पण खोली जितकी लहान आणि उंच, तितका भिंतींचा वाटा मोठा. हॉलमध्ये मधल्या पॅनेलचा प्रकाश भिंतीपर्यंत जाण्याआधी टेबलं गाठतो. इथे दिव्यातून निघाला की लगेच भिंत. युटिलायझेशन फॅक्टर ०.४ धरला, धुळीचं आणि वयाचं ०.८, तर २,८०० लुमेन लागतात. दहा-अकरा वॅटचे तीन डाउनलाइट, म्हणजे छतातून खाली उजेड टाकणारे दिवे. चौरस फुटाला एक वॅटचा ठोकताळा इथे ४८ वॅट मागतो, म्हणजे तोही चुकला, फक्त उलट्या बाजूने. टाइल्स काळ्या ग्रॅनाइटसारख्या असतील तर मात्र त्या ४८ वॅटवरही हसू नका.

लुमेन पुरेसे झाले तरी वॉशरूममध्ये आणखी एक प्रश्न उरतो: लक्स नेमके कुठे हवेत? टेबल आडवं असतं, म्हणून ऑफिसात मीटर आडवा धरतात. आरशासमोर उजळायचा असतो चेहरा, आणि तो उभा असतो. बेसिनच्या बरोबर वर छतात डाउनलाइट बसवला की बेसिनमध्ये चारशे लक्स आणि चेहऱ्यावर शंभर. भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर, हनुवटीची गळ्यावर. टिकली सरळ लागली की वाकडी ते कळत नाही, आणि प्रत्येकीला आपण दोन रात्री जागलेल्या दिसतो. त्यासाठी लुमेन वाढवून उपयोग नाही, सावल्या तशाच राहतात. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीला, दुधी काचेच्या आड लावावेत. जागा नसेल तर आरशाच्या वरच्या कडेला लांब पट्टी, आणि बेसिनचा कट्टा पांढरा, म्हणजे खालूनही थोडा प्रकाश हनुवटीवर परततो. तपासायचं तर मीटर चेहऱ्यापुढे उभा धरून, आरशाकडे तोंड करून वाचायचा. इथे रंगही नीट दिसायला हवेत, म्हणून खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या खाली असेल तर तो दिवा नको.

आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने वॉशरूम सुकत नाही. तिथे आयपी४४ किंवा त्यावरचा दिवा घ्या. पहिला आकडा धूळ-कचऱ्यापासूनच्या बचावाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. साध्या आयपी२० पॅनेलमध्ये ओल शिरली की आतून डाग पडतात, आणि मग तुमच्या २,८०० लुमेनमधले किती बाहेर येतात ते त्या डागांनाच ठाऊक.

आणि सेन्सर. वीज वाचते म्हणून मालकांनी हौसेने छतात मधोमध पीआयआर सेन्सर लावून घेतला. हा सेन्सर हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतो, पण पार्टिशनच्या आड त्याला काही दिसत नाही. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यात जुने अकाउंटंट आत गेले, पाच मिनिटांनी दिवे गेले, आणि दाराच्या वरून दोन हात हलताना दिसले. त्या क्षणी लुमेन शून्य, लक्सही शून्य. दुसऱ्या दिवशी वायरमनने पार्टिशनच्या आतल्या बाजूला आणखी एक सेन्सर बसवला.