फोनवर कोणी आहे का?

१९९७ सालची गोष्ट. इंदूरला सियागंजात माझ्या मामांची पेढी होती. तिथे स्को कंपनीच्या युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारा एकच संगणक आणि त्याला जोडलेली सहा टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक. खंडव्याच्या गोदामातला मुनीम रात्री, एस.टी.डी. स्वस्त झाली की, मॉडेमवरून याच संगणकाला फोन लावून दिवसभराची विक्री चढवायचा. तिकडे सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तेव्हा गराडूची (तळलेल्या कंदाची) कढई नुकतीच तापत असे.

फोनची लाइन माणसाच्या आवाजासाठी बेतलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच तिच्यातून जातं; संगणकाचे '१' आणि '०', म्हणजे विजेच्या दाबाचे चढ-उतार, जसेच्या तसे जात नाहीत. म्हणून मॉडेम त्यांचे सूर करतो. व्ही.२१ या जुन्या पद्धतीत फोन लावणारा '१' साठी ९८० आणि '०' साठी ११८० हर्ट्झचा सूर लावतो, तर उचलणारा १६५० आणि १८५० चा. पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे दोघं एकदम बोलले तरी गोंधळ होत नाही. वेग मात्र सेकंदाला ३०० बिट. आमचा मॉडेम १४,४०० चा होता. त्याचं गणित बरंच गुंतागुंतीचं, पण लाइन तीच.

खरी डोकेदुखी सुरांची नव्हतीच. युनिक्समध्ये लॉगिनसाठी चालू केलेल्या प्रत्येक पोर्टवर, म्हणजे तार जोडायच्या जागेवर, 'गेटी' नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो, 'लॉगिन:' लिहून वाट पाहत. टर्मिनल कायमचं जोडलेलं, तिथे हे ठीक. फोनवर मात्र कोणी आलंय हे गेटीला आधी कळायला हवं. ते मॉडेम सांगतो, पंचवीस पिनांच्या जोडणीतल्या ८ नंबरच्या पिनेवरून. उलट २० नंबरच्या पिनेवरून संगणक सांगतो, 'मी तयार आहे'. तो इशारा बंद झाला की मॉडेमने फोन ठेवायचा.

आमच्याकडे रोज रात्री कोणी नसतानाही गेटी 'लॉगिन:' लिहायचा. मॉडेमला तो हुकूम वाटे, तो तीच अक्षरं परत पाठवी. गेटीला वाटे कोणी नाव टाकलं, की लगेच पासवर्डची विचारणा. तीही परत! दोघं पहाटेपर्यंत एकमेकांना 'आपण कोण?' विचारत बसत आणि यंत्र रांगायला लागे.

दुसरी तक्रार तर तक्रार वाटतच नव्हती. खंडव्याची लाइन मध्येच तुटली आणि मुनीमजींनी पुन्हा फोन लावला, की पासवर्ड न विचारता ते अर्धवट राहिलेल्या बिलावरच परत येत. मामा खूश: "वेळ वाचला की रे!" मला घाम फुटला. त्यांच्याआधी दुसऱ्या कोणी नंबर फिरवला असता, तर पेढीची वही त्याच्यापुढे उघडी.

मॉडेमला '&सी१' हा हुकूम दिला, म्हणजे पलीकडचा सूर ऐकू आला तरच ८ नंबरवर इशारा द्यायचा. स्कोमध्ये एकाच पोर्टाला 'टीटीवाय१ए' अशी दोन नावं असत, शेवटचं अक्षर लहान की मोठं एवढाच फरक; मॉडेमसाठी मोठं. तेही तपासलं. फरक शून्य.

शेवटी केबलचं टोपण उघडलं. मिस्त्रीने टर्मिनलसारख्या तीनच तारा ओढल्या होत्या आणि संगणकाच्या बाजूला ८ आणि २० एका झाळाने जोडून टाकल्या होत्या. संगणक स्वतःच 'मी तयार' म्हणे आणि तेच ऐकून समजे, फोनवर कोणीतरी आलंय; लाइन तुटली तरी त्याला कळत नसे.

सगळ्या तारा नीट ओढल्या, '&डी२' दिलं, म्हणजे २० नंबरचा इशारा बंद झाला की मॉडेमने फोन ठेवायचा. आता लाइन तुटली की युनिक्स मागचं काम बंद करून पोर्ट मोकळं करू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खंडव्याहून फोन: "भैयाजी, काय बिघडवलंत? सारखा पासवर्ड मागतोय!"